नवी जर्सी, जुने कुतूहल : फुटबॉलच्या ‘हायटेक’ गणवेशात नेमके असते काय?

युरोपातील फुटबॉल मोसम मे महिन्यात संपतो आणि ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू होतो. मधल्या काळात मैदाने रिकामी असली, तरी चाहत्यांची चर्चा थांबत नाही. कोणता खेळाडू येणार आणि कोणता जाणार याच्या जोडीने एक प्रश्न दरवर्षी हमखास रंगतो : यंदाची जर्सी कशी असेल? कुठून तरी निसटलेले अस्पष्ट छायाचित्र, कॉलरच्या रंगाची ओझरती खूण, एवढ्या सामग्रीवर तर्कांचे इमले उभे राहतात. गेल्या पंचवीसेक वर्षांत या तर्कांचे स्वरूप मात्र पालटले आहे. पूर्वी वाद असे तो रंगाचा आणि पट्ट्यांचा. आता कापड घाम कसा हाताळते, शिवण कुठे आहे, खेळाडू घालतात तीच जर्सी आपल्याला मिळते की दुसरी, यावरही तावातावाने बोलले जाते.

गोमंतकीय वाचकाला हा विषय परका नाही. आयएसएलचा मोसम जवळ आला की एफसी गोवाच्या केशरी जर्सीत यंदा काय नवे, याची विचारपूस सुरू होते. विश्वचषकाच्या वर्षी तर मडगाव-म्हापशाच्या बाजारांत पोर्तुगाल, ब्राझील आणि अर्जेंटिनाचे रंग लटकू लागतात. या जर्सींविषयी उत्पादक कंपन्या जी वर्णने करतात त्यांतले किती खरे, किती अर्धवट आणि किती निव्वळ जाहिरात, हे समजून घेण्यासाठी एका अलीकडच्या आणि बऱ्याच गाजलेल्या प्रकरणापासून सुरुवात करणे सोयीचे ठरेल.

भिजलेल्या जर्सीचा मोसम

बर्मिंगहॅमचा अ‍ॅस्टन व्हिला हा इंग्लंडमधील जुन्या क्लबांपैकी एक. गडद किरमिजी अंग आणि फिकट निळ्या बाह्या ही त्याची ओळख. २०२२ मध्ये या क्लबने कॅस्टोर या तुलनेने तरुण ब्रिटिश कंपनीशी गणवेशाचा करार केला. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने अल्पावधीत अनेक क्लब मिळवले होते. २०२३-२४ च्या मोसमाची जर्सी आली, सामने सुरू झाले आणि दूरचित्रवाणीवर सामना पाहणाऱ्यांना काहीतरी खटकू लागले. व्हिलाच्या खेळाडूंच्या जर्सी ओल्याचिंब होऊन अंगाला चिकटत होत्या. प्रतिस्पर्धी त्याच हवेत, त्याच मैदानावर खेळत असूनही त्यांचे कपडे तेवढे भिजलेले दिसत नव्हते.

चाहत्यांनी तर्क सुरू केले. कुणी कापडाला दोष दिला, कुणी गडद रंगाला, कुणी म्हणाले की प्रशिक्षक उनाई एमरी खेळाडूंना पळवतातच एवढे, की दुसरे काही होणे शक्य नाही! सप्टेंबर २०२३ मध्ये ब्रिटिश वृत्तपत्रांनी खेळाडूच या जर्सीवर नाराज असल्याच्या बातम्या दिल्या. जर्सी घाम धरून ठेवते, जड होते आणि अंगावर ओढली जाते, अशी तक्रार होती. पाठोपाठ महिला सुपर लीगचा मोसम सुरू झाला आणि प्रश्नाला वेगळेच गांभीर्य आले. ओली, अंगाला चिकटलेली जर्सी घालून हजारो प्रेक्षकांपुढे आणि कॅमेऱ्यांपुढे खेळणे महिला खेळाडूंसाठी केवळ गैरसोयीचे नव्हते, त्यात संकोचाचाही भाग होता. मोसम संपल्यावर क्लब आणि कंपनी यांची फारकत झाली आणि २०२४ पासून व्हिलाच्या अंगावर आदिदासचा गणवेश आला.

या प्रकरणाची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते. याच भिजक्या जर्सीत व्हिलाने लीगमध्ये चौथे स्थान पटकावले आणि चॅम्पियन्स लीगमध्ये प्रवेश मिळवला. युरोपातील या सर्वोच्च स्पर्धेत १९८३ नंतर त्यांचे हे पहिलेच पुनरागमन होते. म्हणजे जर्सी वाईट होती आणि मोसम उत्तम गेला. प्रस्तुत लेखकाच्या मते या विषयातील निम्मे शहाणपण एवढ्यातच आहे : चांगली जर्सी सामना जिंकून देते हे आजवर कुणाला दाखवता आलेले नाही, बिघडलेली जर्सी मात्र त्रास देते आणि तो त्रास प्रेक्षकगृहातूनही दिसतो.

घाम, धागा आणि हवा

‘घाम शोषून घेणारे कापड’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे सरसकट होतो. तो शास्त्रीयदृष्ट्या उलटा आहे. घाम शोषते ते सुती कापड. कापसाचा तंतू नेहमीच्या हवेतही स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के आर्द्रता धरून असतो आणि भिजला की त्याहून कितीतरी अधिक पाणी पोटात घेतो. जुन्या काळातील खेळाडू पावसात जाड सुती जर्सी घालून खेळत, तेव्हा उत्तरार्धात अंगावर ओले पोते घातल्यासारखे वाटे ते यामुळेच. पॉलिस्टरचा तंतू याच्या उलट वागतो. तो जेमतेम अर्धा टक्का आर्द्रता घेतो; पाणी त्याच्या आत शिरतच नाही, ते पृष्ठभागावर राहते.

मग पॉलिस्टरची जर्सी घाम हटवते कशी? याचे उत्तर केशाकर्षणात आहे. दिव्याच्या वातीत तेल ज्या बलाने वर चढते, त्याच बलाने दोन तंतूंमधील बारीक फटीतून घाम त्वचेकडून कापडाच्या बाहेरच्या बाजूला जातो. तंतू साधा गोल न ठेवता त्यावर उभ्या खाचा पाडल्या, की हा प्रवास वेगाने होतो. ड्युपाँ कंपनीने १९८६ मध्ये आणलेला कूलमॅक्स हा धागा याच तत्त्वावर होता, आणि आजच्या निरनिराळ्या कंपन्यांची भारदस्त व्यापारी नावे खरवडली तर खाली बहुतेक हेच तत्त्व सापडते. फरक असतो तो विणीत, धाग्याच्या जाडीत, कुठे जाळी ठेवायची आणि कुठे घट्ट विणायचे यात, आणि कापडावर दिलेल्या रासायनिक लेपात. यांपैकी एकही गोष्ट बिघडली की पाणी बाहेरच्या बाजूला पसरण्याऐवजी मधेच अडकते.

बाहेर आलेला घाम केवळ पसरून भागत नाही. तो उडावा लागतो. शरीर थंड होते ते बाष्पीभवनाने. एक लिटर घामाची वाफ होताना शरीरातील सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता खर्ची पडते. तोच घाम थेंब होऊन गवतावर पडला, तर त्याचा थंडाव्याला काडीचा उपयोग नाही. उष्ण हवेत जोरात खेळणारा फुटबॉलपटू तासाला एक ते दोन लिटर घाम सहज गाळतो, तेव्हा त्यातला किती उडाला आणि किती नुसता ओघळला, हा प्रश्न कळीचा ठरतो.

इथे किनारपट्टीवरील आपल्यासारख्यांनी थोडा हिशेब करून पाहावा. घाम उडण्याचा वेग हा त्वचेवरील बाष्पदाब आणि हवेतील बाष्पदाब यांच्या फरकावर अवलंबून असतो. त्वचेचे तापमान ३५ अंश धरले तर तिथला बाष्पदाब सुमारे ५.६ किलोपास्कल येतो. हवा ३० अंशांची आणि सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल, तर हवेतील बाष्पदाब १.३ च्या आसपास, फरक ४.३. तापमान तेच ठेवून आर्द्रता ८० टक्के केली, की हवेतील बाष्पदाब ३.४ वर जातो आणि फरक उरतो २.२. म्हणजे तापमापकाचा आकडा तसूभरही न हलता घाम उडण्याची ओढ जवळजवळ निम्मी झाली. गोव्याच्या मैदानांवर संध्याकाळी खेळणाऱ्याला हे आकडे ठाऊक नसले तरी अनुभव पुरेपूर ठाऊक असतो.

कंपन्यांच्या पत्रकांत हा भाग सहसा येत नाही. जर्सी घाम बाहेर आणू शकते. बाहेरची हवाच दमट असेल तर तो घाम नेणार कोण? कोरड्या हवेत चोख ठरणारे कापड दमट हवेत निम्म्याच तोऱ्याने काम करते, आणि हा दोष कापडाचा नसतो. म्हणूनच उष्णतेच्या प्रश्नावर फुटबॉलच्या प्रशासकांनी शेवटी भिस्त ठेवली ती कपड्यावर न ठेवता विश्रांतीवर. तापमान, आर्द्रता आणि ऊन यांचा एकत्रित निर्देशांक ३२ अंशांच्या वर गेला की पाणी पिण्यासाठी खेळ थांबवायचा, ही तरतूद २०१४ च्या ब्राझील विश्वचषकात अमलात आली. फोर्तालेझा येथील नेदरलँड्स-मेक्सिको लढत अशा विश्रांतीसाठी थांबवावी लागली होती. त्या दिवशी दोन्ही संघांच्या अंगावर त्या काळातील सर्वांत प्रगत कापड होते.

आणखी एक गंमत सांगितली पाहिजे. घाम बाहेर काढण्यासाठी एवढ्या खटपटीने विणलेल्या कापडाच्या नेमक्या छातीवर प्रायोजकाच्या नावाचा भलामोठा प्लास्टिकसारखा ठसा उमटवला जातो, पाठीवर तसाच क्रमांक. जिथे हवा सर्वाधिक हवी तिथेच दार बंद! हल्ली क्रमांकांना बारीक छिद्रे पाडून यावर तोड काढली जाते, ती याच कारणाने.

प्रयोग, फजिती आणि नियम

जर्सीवरचे प्रयोग आजचे नाहीत. १९७० चा विश्वचषक मेक्सिकोच्या उन्हात होता म्हणून इंग्लंडने जाळीदार, हवा खेळती ठेवणाऱ्या हलक्या सुती कापडाच्या जर्सी नेल्या होत्या. ऐंशीच्या दशकात चकचकीत पॉलिस्टर आले. पण ‘तंत्रज्ञान’ हा शब्द जर्सीच्या जाहिरातीत ठसठशीतपणे मिरवू लागला तो २००० च्या आसपास.

त्या वर्षी युरो स्पर्धेत इटलीचा संघ काप्पा कंपनीची अंगाला घट्ट बसणारी, ताणली जाणारी जर्सी घालून उतरला. तोवरच्या ढगळ जर्सी पाहून सरावलेल्या डोळ्यांना ती चमत्कारिक वाटली. चाहत्यांत थट्टाही पुष्कळ झाली. पण तिच्यामागे चोख विचार होता. प्रतिस्पर्ध्याने जर्सी धरून ओढली, तर ती रबरासारखी लांबलचक ताणली जाते आणि पंचांच्या नजरेस पडते. शिवाय अंगालगत बसलेले कापड मुळात चिमटीत धरणेच अवघड. इटलीने अंतिम फेरी गाठली आणि फ्रान्सकडून सुवर्णगोलवर पराभव पत्करला. पुढे घट्ट जर्सी हीच सर्वसाधारण पद्धत झाली. या क्षेत्रात खऱ्या अर्थाने टिकलेला आणि सर्वांनी उचललेला एखादा नवा विचार निवडायचा, तर मी हाच निवडीन.

सगळे प्रयोग इतके सुदैवी ठरले नाहीत. २००२ च्या विश्वचषकासाठी नायकेने दोन थरांची जर्सी काढली. आतला थर घाम ओढण्यासाठी, बाहेरचा हवा खेळवण्यासाठी. अंतिम लढतीत ब्राझीलच्या एडमिल्सनला जर्सी बदलावी लागली, तेव्हा या दोन थरांत हात नेमका कुठून घालायचा हेच त्याला उमगेना. अवघे जग पाहत असताना त्याची जी तारांबळ उडाली, ती फुटबॉलप्रेमी अजून विसरलेले नाहीत. ब्राझील जिंकले म्हणून ती हसण्यावारी गेली.

२०१६ च्या युरो स्पर्धेत स्वित्झर्लंडची फ्रान्सविरुद्धची लढत गोलशून्य बरोबरीत सुटली. पण ती लक्षात राहिली टराटरा फाटलेल्या जर्सींमुळे. ग्रॅनिट झाकाला तर एकाहून अधिक वेळा जर्सी बदलावी लागली. पुमा कंपनीने नंतर दिलेला खुलासा वाचण्यासारखा होता : कापडाच्या एका विशिष्ट खेपेतील धागे उत्पादनाच्या वेळी दुबळे झाले होते, आणि उष्णता, दाब व वेळ यांचे प्रमाण नीट न राखल्यास असे घडू शकते. अतिहलके, ताणले जाणारे कापड किती नाजूक तोलावर उभे असते याची ही कबुलीच म्हणायची.

याच कंपनीची आणि कॅमेरूनची गोष्ट मात्र कापडाच्या पलीकडे, थेट नियमपुस्तकात जाऊन पोहोचली. २००२ मध्ये मालीतील आफ्रिकी राष्ट्रांची स्पर्धा कॅमेरूनने बिनबाह्यांच्या जर्सीत जिंकली. फिफाने विश्वचषकात तिला मनाई केली, तेव्हा आतून काळ्या बाह्या जोडाव्या लागल्या. दोन वर्षांनी ट्युनिशियातील स्पर्धेत जर्सी आणि शॉर्ट्स एकसंध शिवलेला गणवेश घालून कॅमेरून उतरले. इशारा देऊनही तो बदलला नाही म्हणून फिफाने दोन लाख स्विस फ्रँकचा दंड केला आणि २००६ विश्वचषकाच्या पात्रता फेरीतून सहा गुण वजा केले. खेळाडूंच्या कपड्यापायी एका देशाचे विश्वचषकाचे स्वप्न धोक्यात आले होते! पुढे मे २००४ मध्ये ते गुण परत देण्यात आले. आजही फुटबॉलचा चौथा नियम बाह्या असलेली जर्सी आणि शॉर्ट्स असे स्वतंत्र कपडे सांगतो. त्यामुळे पुढच्या मोसमात आपल्या क्लबचा गणवेश कितीही क्रांतिकारक असेल अशी कुजबुज ऐकू आली, तरी या चौकटीबाहेर तो जाणार नाही हे खुशाल गृहीत धरावे.

कुजबुजीचा आणखी एक आवडता विषय म्हणजे जर्सीत दडवलेली चिप. गोल केल्यावर खेळाडूने जर्सी काढली की आत काळी, आखूड बंडी दिसते आणि दोन खांद्यांच्या मध्ये, पाठीवर फुगीर भाग. त्यात उपग्रहांच्या साह्याने स्थान आणि वेग नोंदवणारे छोटे उपकरण असते. सामन्यात अशा उपकरणांचा वापर करण्यास २०१५ मध्ये परवानगी मिळाली. ते जर्सीत शिवलेले नसते, बंडीच्या कप्प्यात असते आणि सामना संपला की काढून घेतले जाते. विकत घेतलेल्या जर्सीत यातले काही येत नाही. २०२२ च्या विश्वचषकात सेकंदाला ५०० वेळा हालचाल नोंदवणारा संवेदक बसवला गेला, तो चेंडूत.

न दिसणारा संघ

या सगळ्या धाग्यादोऱ्यांच्या चर्चेत एक साधी गोष्ट हरवते : जर्सीचे पहिले काम दिसणे हे आहे. खेळाडू मान वर करतो आणि क्षणार्धात त्याला आपला गडी दिसावा लागतो.

१३ एप्रिल १९९६ रोजी मँचेस्टर युनायटेड साउदॅम्प्टनच्या ‘द डेल’ मैदानावर करड्या रंगाच्या जर्सीत खेळत होते. मध्यंतराला ते ०-३ असे पिछाडीवर होते. उत्तरार्धात संघ बाहेर आला तो निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जर्सीत! अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी नंतर कारण दिले, की प्रेक्षकांच्या गर्दीच्या पार्श्वभूमीवर खेळाडूंना आपले सहकारी ओळखू येत नव्हते. सामना युनायटेडने १-३ असा गमावला. त्या करड्या जर्सीत ते पाच सामने खेळले, चार हरले, एक बरोबरीत सुटला. ती पुन्हा वापरली गेली नाही. फर्ग्युसन यांच्या खुलाशाची त्या वेळी टर उडवली गेली आणि आजही उडवली जाते. पराभवाचे खापर कापडावर फोडणे हास्यास्पद खरेच, आणि पाच सामन्यांवरून काही सिद्ध होत नाही हेही खरे. पण गर्दीचा रंग दुरून करडाच दिसतो, आणि करड्यावर करडे उठून दिसत नाही, यात अशास्त्रीय काही नाही. उत्तरार्धात युनायटेडने १-० अशी सरशी साधली, हेही नोंदवून ठेवावे. साउदॅम्प्टन त्या मोसमात केवळ गोलफरकाच्या जोरावर पदावनतीतून वाचले. त्या तीन गुणांविना ते वाचले नसते. युनायटेडने मात्र लीग आणि एफए चषक दोन्ही जिंकले.

दिसण्याचा प्रश्न प्रेक्षकांनाही लागू आहे. युरोपीय वंशाच्या पुरुषांत दर बारांपैकी सुमारे एकाला रंगांधत्व असते आणि त्यांतील बहुतेकांची अडचण लाल-हिरव्याचीच असते. २०१८ च्या विश्वचषकाचा उद्घाटनाचा सामना लाल रशिया विरुद्ध हिरवा सौदी अरेबिया असा झाला, तेव्हा अनेक रंगांध प्रेक्षकांनी आपल्याला संघच वेगळे ओळखता येत नसल्याची तक्रार केली. आपल्याकडे हिरवे साळगावकर आणि लाल चर्चिल ब्रदर्स यांच्या लढती वर्षानुवर्षे चुरशीने पाहिल्या गेल्या. त्या गर्दीतही काहीजण चड्डीच्या किंवा मोज्यांच्या रंगावरून गडी ओळखत असतील, असे मानायला हरकत नाही.

खेळाडूची जर्सी, चाहत्याची जर्सी

इंग्लंडच्या संघाने १९७४ मध्ये अ‍ॅडमिरल कंपनीशी करार केला, त्या सुमारास चाहत्यांसाठी हुबेहूब जर्सी विकण्याचा धंदा आकाराला आला. कंपनी क्लबला पैसे देणार आणि ते चाहत्याच्या खिशातून वसूल करणार, ही आजची रीत तिथूनची. दरवर्षी नवी जर्सी येते ती खेळाडूला जुनी बोचू लागली म्हणून येत नाही. या व्यवहारात गैरही पुष्कळ घडले. २००३ मध्ये ब्रिटनच्या व्यापार नियामकाने जर्सींच्या किमती संगनमताने चढ्या ठेवल्याबद्दल विक्रेते, उत्पादक आणि मँचेस्टर युनायटेडसारखा क्लब यांना मिळून सुमारे १ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड ठोठावला होता.

आता एकाच जर्सीच्या दोन आवृत्त्या निघतात. एक खेळाडू घालतात तशी : अधिक हलकी, घट्ट, बोधचिन्ह उष्णतेने चिकटवलेले. दुसरी चाहत्यांसाठी : थोडी सैल, कापड जाडसर, बोधचिन्ह बहुधा भरतकामाचे. इंग्लंडच्या २०२४ च्या जर्सीची पहिली आवृत्ती १२४.९९ पौंडांना होती आणि दुसरी ८४.९९ ला. कॉलरमागील सेंट जॉर्जच्या क्रुसाचे रंग बदलले म्हणून तेव्हा मोठे वादळ उठले, पंतप्रधानांपर्यंत गेले. किमतीवरची नाराजी मात्र त्या गदारोळात दबली गेली. जादा चाळीस पौंडांत काय मिळते? नव्वद मिनिटे धावणाऱ्यासाठी बेतलेला कपडा. गॅलरीत बसून शिट्टी वाजवणाऱ्याला, आणि पोट किंचित सुटलेल्याला, दुसरी आवृत्ती अधिक सोयीची आणि अधिक टिकाऊ. चिकटवलेले बोधचिन्ह वारंवार धुण्याने सुटू लागते; शिवलेले वर्षानुवर्षे राहते.

जर्सी पुनर्वापराच्या धाग्याची असल्याचा उल्लेखही हल्ली हमखास असतो. २०१० च्या विश्वचषकात नायकेने प्रत्येक जर्सीत आठपर्यंत प्लास्टिकच्या बाटल्या वितळवून वापरल्याचे जाहीर केले, तेव्हापासून ही प्रथा पडली. बाटलीचा धागा होतो ही गोष्ट खरी आहे. पण त्या धाग्याची पुन्हा बाटली होत नाही, आणि दर मोसमाला तीन-तीन जर्सी काढण्याच्या रिवाजाला त्याने आळा बसलेला नाही.

इतके असूनही चाहता नव्या जर्सीची वाट का पाहतो, याचे उत्तर कापडात सापडणार नाही. कार्डिफ सिटीच्या मालकांनी २०१२ मध्ये क्लबचा परंपरागत निळा रंग काढून लाल आणला. संघ त्याच लाल जर्सीत प्रीमियर लीगमध्ये बढती मिळवून गेला, तरी चाहत्यांनी तो रंग आपला मानला नाही आणि जानेवारी २०१५ मध्ये निळा परत आणावा लागला. कोलकात्यात २०२० मध्ये एटीके आणि मोहन बागान एकत्र आले, तेव्हाही पहिली धास्ती हिरव्या-किरमिजी जर्सीची होती. ती कायम राहील असे जाहीर करावे लागले. नावातील ‘एटीके’वरचा रोष मात्र २०२३ मध्ये ते गळेपर्यंत शमला नाही. एफसी गोवाने सुरुवातीच्या मोसमांतील निळा मागे टाकून केशरी धारण केला तो फारशा कुरबुरीविना, कारण क्लब तेव्हा कोवळा होता आणि रंगाला इतिहास चिकटायचा होता. आज तोच बदल कुणी उलट करू पाहील, तर फातोर्ड्याच्या गॅलऱ्या गप्प बसणार नाहीत.

ज्यांनी जर्सी घेतलीच आहे त्यांच्यासाठी दोन व्यावहारिक गोष्टी. अशी जर्सी धुताना कपडे मऊ करणारे द्रावण वापरू नये. त्याचा पातळ लेप तंतूंवर बसतो आणि ज्या बारीक फटींतून घाम बाहेर यायचा त्याच बुजतात. कडक इस्त्री आणि ठशावर थेट ऊन हेही टाळावे. उलटी करून, गार पाण्यात धुऊन सावलीत वाळत घातली की पुरे. पॉलिस्टर पाणी धरत नसल्याने ती पावसाळ्यातही सुती सदऱ्याच्या आधी वाळते. पण घामातले तेलकट अंश मात्र धरून ठेवते, म्हणून सामन्याहून आल्यावर ती पिशवीत तशीच बांधून ठेवू नये.